मोटेचे बैल आणि गिअरबॉक्स

लढाई संपल्यावर आमचे हे पलटणीतून घरी आले ते कानांना दडे बसवून घेऊनच, आणि आल्यावर सहा महिन्यांच्या आत त्यांनी एक यंत्र आणलं. लष्करानं भंगारात काढलेलं. त्याला चाकांच्या जागी लोखंडी पट्टे होते आणि पुढं माती उचलायचं भलंमोठं लोखंडी सुपडं. गावानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव रणगाडा ठेवलं. मी मनातल्या मनात त्याला सवत म्हणत असे. पण ही सवत मला हवी होती, कारण हे घरी राहणार की पुन्हा निघून जाणार, ते तिच्यावर ठरायचं होतं.

माझं माहेर साताऱ्याचं. सातवी पास झालेली मुलगी तासगावच्या बाजूला एका शेतकरी घरात दिली, कारण मुलगा लष्करात होता. लग्नानंतर सत्तावीस दिवसांनी हे गेले. पुढच्या चार वर्षांत दोनदा रजेवर आले, तेही पाहुण्यासारखे. हे गेल्या गेल्याच मामंजी वारले आणि बैल हाकणारा गडी माधवनगरच्या गिरणीत लागला. घरात सासूबाई आणि मी, आणि रानात ऊस उभा. मग मोट मीच धरली. सातवी शिकलेली सून मोट हाकते म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मी त्यांच्याकडं बघतही नसे. रागीट आहे मी, आजही आहे.

मोटा आता गेल्या, म्हणून सांगते. विहिरीत कातड्याची मोठी पिशवी सोडायची, ती मोट. तिचा जाड दोर, म्हणजे नाडा, चाकावरून घेऊन बैलांच्या जूला बांधायचा. बैल उतरत्या वाटेवरून, म्हणजे धावेवरून, पुढं चालले की भरलेली मोट वर येते. तेव्हा हाकणारा मागं ताणलेल्या नाड्यावर बसतो, त्याच्या वजनानं बैलांचा भार हलका होतो. धाव संपते तिथं मोट पाटात रिकामी होते, हाकणारा नाड्यावरून उठतो, आणि तो उठला की बैल कुणी काही न सांगता उलट्या पावलांनी मागं सरत वर जातात. आमची धाव तीस पावलांची होती. तीस पावलं पुढं, बसलेली. मग उठायचं, आणि तीस पावलं मागं. सकाळपासून दिवस कलेपर्यंत. चार वर्षं. माझी आणि त्या बैलजोडीची सवय एकच झाली होती.

हे घरी आले, पण बसवत नव्हतं त्यांना. पलटणीत यंत्रांवर काम केलेला माणूस, कोयता हातात घेतला की तोंड वाकडं व्हायचं. अशात त्यांच्या जुन्या साहेबाचं पत्र आलं. आसामात रस्त्यांचं काम निघालं होतं, यंत्र चालवणारी माणसं हवी होती. ते पत्र त्यांनी देव्हाऱ्यामागं खोचून ठेवलं आणि मला म्हणाले, “रणगाडा नीट चालला तर हितंच रानं सपाट करून देतो लोकांची. न्हाई चालला तर जातो.”

रणगाडा दोन महिने चालला. चार-पाच रानं सपाट झाली, येरळेकाठच्या एका घळीवर बांध पडला. मग एके दिवशी आतून दात खाल्ल्यासारखा आवाज आला आणि पट्टे हलेनात. गिअरबॉक्स फुटला होता. वीस बैल जुंपून माणसांनी ते धूड ओढत आमच्या घरामागच्या खळ्यावर आणून सोडलं. पुढं पावसाळाभर ते तिथंच होतं. सासूबाई त्याच्या सुपड्यात शेण्या झाकून ठेवायच्या. मी येता-जाता देव्हाऱ्यामागं पत्र आहे ना ते बघायची. पत्र तिथं आहे तोवर उत्तर गेलेलं नाही, असा माझा हिशेब.

नवरात्राच्या आधी ह्यांना दुसरा गिअरबॉक्स मिळाला. तसल्याच एका मेलेल्या यंत्राचा, पुण्याकडच्या भंगारातला. सांगलीच्या स्टेशनापर्यंत तो रेल्वेनं आला आणि तिथून बैलगाडीत. गाडीचा आस कुरकुरत होता इतका जड. खळ्यावर उतरवल्यावर हे त्याच्याभोवती उकिडवे बसून बोटानं एकेक दात चाचपत राहिले. इतक्या मायेनं त्यांनी कशाला हात लावलेला मी तोवर पाहिला नव्हता. वाईट वाटलं. पण बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

जुना काढून नवा बसवायचा तर उचलायचा कशानं? ह्यांनी तीन बाभळीचे सोट शेंड्याला एकत्र बांधून यंत्रावर तिवई उभी केली. पलटणीतून आणलेल्या चार-चार चाकांच्या दोन कप्प्या तिला टांगल्या. कप्प्यांमुळं वजन हलकं होतं, पण दोर लांबलचक ओढावा लागतो. गावातले दहा गडी बोलवावेत असं ह्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, “गडी कशाला? मोटंची बैलं हायती की.”

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. “तुझं ऐकत्यात व्हय?”

“दुसऱ्या कुणाचं ऐकत न्हाईत,” मी म्हटलं.

जुना गिअरबॉक्स आम्ही तसाच काढला, कप्प्यांतून मोटेचाच नाडा ओवून तो बैलांच्या जूला बांधून. माझे चुलत दीर मदतीला होते. ते यंत्रावर चढले, ह्यांनी बोल्ट सोडले, आणि मी बैलांच्या तोंडाशी वेसण धरून उभी राहिले. सात-आठ पावलं पुढं नेलं तोच काळं तेल गळत ते धूड वर आलं. दोघांनी ते बाजूला ढकललं, मी बैल एकेक पाऊल मागं घेतले, आणि ते जमिनीवर इतकं अलगद टेकलं की खाली ठेवलेली फळीसुद्धा वाजली नाही. दीर म्हणाले, “वैनी, तुमी पलटणीत पायजे हुता.” हे हसले. लग्नानंतर ह्यांनी माझं कौतुक केलं असं ते पहिलंच हसू. मी दिवसभर तरंगत होते.

दुसऱ्या दिवशी नवा बसवायचा. सकाळी मी देव्हाऱ्यासमोर दिवा लावला तर मागं पत्र नव्हतं.

हे भाकरी खात होते. कान गेल्यापासून हे समोरच्याच्या तोंडाकडं बघून बोलणं ओळखत. मी समोर बसले आणि विचारलं, “पत्र कुठं गेलं?”

त्यांनी घास संपवला. मग म्हणाले, “उत्तर धाडलं. दिवाळी झाल्यावर येतो म्हणून.”

“आणि रणगाडा?”

“ह्यो चालवंल.” त्यांनी बाहेर दिरांकडं बोट केलं. “चालू करून देतो, शिकिवतो, आन मग जातो. हितं लय दिस न्हाई निघत माजं. कळतंय का तुला?”

मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षं ह्यांच्या बैलांच्या मागं चालले, ह्यांच्या आईचे पाय चेपले, ह्यांचा ऊस जगवला, आणि आता त्या यंत्राला माझ्याच बैलांनी उभं करायचं, ते ह्यांना मोकळेपणानं जाता यावं म्हणून. मी काही बोलले नाही. बोलले असते तर भांडण झालं असतं, भांडण झालं असतं तर त्या दिवशी काम झालं नसतं. पुष्कळदा वाटतं, भांडायला हवं होतं.

मी बैल जुंपले. नवा गिअरबॉक्स जमिनीवर होता, तो यंत्राच्या वर उचलून मग आत उतरवायचा, म्हणून आज बैलांना पुष्कळ चालावं लागणार होतं. हे म्हणाले, “वर आला की नाडा खळ्यातल्या खुंट्याला बांधू.” मी म्हटलं, बांधू नका, गाठ मारली की बोटभर खाली घ्यायलासुद्धा गाठ सोडावी लागेल, माझे बैल उभे राहतील. हे माझं बोलणं होतं. दुसऱ्या कुणाचं नाही.

बैल चालले. गिअरबॉक्स हळूहळू वर गेला. मी पावलं मोजत नव्हते, पण बैल मोजत होते. खळ्याच्या कडेला आल्यावर ते आपणहून थांबले, आणि तेव्हा मला कळलं की तीस पावलं झाली. नाडा थरथरत होता. हे ओरडले, “हलू दिऊ नगंस,” म्हणून मी वेसण सोडून मागं आले आणि मोटेवर बसते तशी नाड्यावर बसले. थरथर थांबली. हे आणि दीर लटकलेल्या गिअरबॉक्सला वळवून बोल्टांची भोकं जुळवू लागले. हे आत वाकले होते, उजवा हात खालच्या फटीत घालून काहीतरी चाचपत होते.

मी नाड्यावर बसून आसामचा विचार करत होते. आसाम कुठं असतं ते मला शाळेतल्या नकाशावरून ठाऊक होतं. किती दिवसांची गाडी, किती दिवसांनी पत्र, हेच डोक्यात. ऊन चढलं होतं, बैल उभे होते, सगळं अगदी रोजच्यासारखं होतं. आणि मी उठले.

का उठले? कुणी खूण केली नव्हती. कुणी हाक मारली नव्हती. तीस पावलं झाली की उठायचं, हे गुडघ्यांना पाठ होतं, ते गुडघे उठले. माझं वजन नाड्यावरून गेलं आणि बैलांनी तेच केलं जे ते चार वर्षं करत आले होते. ते मागं सरले. दोन पावलं, फार तर तीन. मी ओरडले, पण मी ह्यांच्या पाठीमागं होते आणि ह्यांना ऐकू येत नव्हतं. मी वेसणीला लोंबकळून बैल थांबवले तोवर ह्यांचा हात त्या धुडाखाली सापडला होता.

हे ओरडले नाहीत. “वर घे,” एवढंच म्हणाले, नेहमीच्या आवाजात. सासूबाई धावत आल्या. त्यांनी हात पाहिला, मग नाड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांनी तारुण्यात मोट हाकली होती. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

सांगलीच्या दवाखान्यात आम्ही दहा दिवस होतो. दोन बोटं काढली, अंगठा राहिला पण वाकेना. त्या दहा दिवसांत मी स्वतःला जितक्या शिव्या दिल्या तितक्या कुणाला दिल्या नसतील. सवयीनं उठले, रागानं नाही, असं मी देवाला शंभरदा सांगितलं. ते खरं आहे. पण राग नसता तर मन जागेवर असतं, हेही खरं आहे, आणि ते देवाला मी सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी डॉक्टर आले. आसामच्या नोकरीचं ह्यांनी त्यांना आधीच विचारून ठेवलं होतं. त्यांनी पट्टी सोडून हात पाहिला आणि ह्यांना काहीतरी सांगितलं. हळू बोलणारा माणूस, मिशीच्या आड ओठ, ह्यांना काही समजेना. मग डॉक्टर माझ्याकडं वळले आणि म्हणाले, “ह्यांना सांगा, ह्या हातात आता पकड यायची नाही. यंत्राचं काम होणार नाही. परमुलखातली नोकरी विसरा म्हणावं.”

मी ह्यांच्या खाटेजवळ गेले, समोर बसले, आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत सगळं सांगितलं. हे माझ्या तोंडाकडं बघत होते. आणि सांगता सांगता मला उमगलं की माझ्या आत जे चाललंय ते दुःख नाही. दहा दिवसांत पहिल्यांदा मला पोटभर श्वास आला होता. मी पदर ओढून घेतला, मान खाली घातली, पण तोवर त्यांनी जे बघायचं ते बघितलं होतं.

त्यांनी चांगल्या हातानं माझी हनुवटी वर केली, मी तोंड लपवू नये म्हणून. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोसला असता.

“आता न्हाई जात मी कुठं,” ते म्हणाले. “झालं?”

आणि मी होय म्हणून मान हलवली.