बत्तीस माणसांची बस

आमची आई एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. इतरांच्या आया गप्पा मारतात, आमची माणसं मोजते. लग्नात जेवणारे मोजते, दवाखान्यात रांग मोजते. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरतो आणि आकडा तयार. लहानपणी मला याची लाज वाटायची. आता चाळिशी ओलांडली, परदेशात इस्पितळात एक्स-रे काढतो, तरी वाटते. स्वभावाला औषध नाही, तिच्याही आणि माझ्याही.

माझ्याकडे तीन आठवडे शहर बघायला ये, असं तिला सांगितलं होतं. खरं कारण दादाचं होतं. "दोनदा गॅस चालू ठेवून बाजारात गेली," तो फोनवर म्हणाला. "तू जवळून बघ. एकटी राहू शकते का नाही, ते सांग. नाही म्हणालास तर मी तिला माझ्याकडे आणतो आणि ते घर बंद करतो." बाबा गेल्यावर त्या दोन खोल्या आईने हट्टाने धरून ठेवल्या होत्या. त्या सोडायला सांगायची हिंमत दादात नव्हती, म्हणून निकालाचं लोढणं माझ्या गळ्यात.

मग मी शहर दाखवता दाखवता तिची परीक्षा घेऊ लागलो. राजवाडा दाखवला आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, काल काय पाहिलं? "मोठं घर. पुसायला किती बाया लागत असतील!" म्हणाली. हे उत्तर बरोबर धरायचं की नाही, ते मला ठरवता येईना.

शनिवारी आम्ही पर्यटकांच्या बसमध्ये बसलो. मोठ्या पुलावर सगळ्यांना फोटो काढायला वीस मिनिटं उतरवलं. परत चढलो, गाईडबाई मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या, बस हलली आणि आई उभी राहिली.

"बत्तीस होते. एकतीस आहेत."

"आई, खाली बस. इथे त्यांचं ते बघतात."

"अरे, एक माणूस मागे राहिलंय."

"खाली बस म्हणतो ना!" मी ओरडलोच.

तिने दांडीवरचं बटण दाबलं. एकदाच. तिच्या नोकरीत एक बेल म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. बस थांबली. ड्रायव्हर एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून मागे आला. सगळे आमच्याकडेच बघत होते. मी घाईघाईने त्याच्या भाषेत म्हणालो, "माफ करा, हिचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं," आणि कपाळाशी बोट फिरवलं.

तेवढ्यात पुलावरून एक म्हातारी काठी टेकत, धापा टाकत आली. टॉयलेटचं दार अडकून ती आतच राहिली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गाईडबाईंनी आईचा हात हातात घेतला. माझी मान वर होईना, पण मनातून आनंद झाला होता. दादाला सांगायचं, आई ठणठणीत आहे.

"पुलावरून नदी काय सुंदर दिसत होती ना?" मी लाडीगोडी लावायला गेलो.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. "कुठला पूल?"

मला वाटलं, रागाने चिडवतेय. मी मोबाइलमधला फोटो दाखवला. कठड्याला टेकून उभी होती, हसत. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"स्वेटर माझाच आहे," म्हणाली. मग हळूच, "माणसं मोजलेली तेवढी राहतात. बाकीचं हातातून जातं रे. वर्ष झालं."

मी मोबाइल खिशात टाकला. "मी दादाला काही सांगणार नाही."

"कपाळाला बोट लावून सगळ्या बसला सांगितलंस की. त्याला सांगायला कसली लाज?"

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. तिला भाषा येत नव्हती, पण बोट दिसलं होतं. मी माफी मागितली. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

उतरल्यावर थांब्यावरच्या बाकावर बसून तिने मला दादाला फोन लावायला सांगितलं.

"गॅस बंद केला का नाही, मला आठवत नाही," ती त्याला म्हणाली. "माझ्या खाली तीन बिऱ्हाडं आहेत, त्यांच्याकडे लहान पोरं आहेत. घर बंद कर." दादा काहीतरी बोलत होता, तिने पुरतं ऐकलं नाही. "आणि विमानतळावरून मला तुझ्याकडे नेशील ना, तेव्हा माझ्या घरावरून नको नेऊस. मी उतरेन."