आरशात दिसलेलं काळीज

लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या वाडीत आले तेव्हा पाण्याचा हंडा घेऊन मी चढण एका दमात चढायचे. पुढे एकोणीसशे साठ सालानंतर कधीतरी त्याच चढणीवर मध्येच बसावं लागू लागलं. महाडच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, काळजातली एक झडप आवळली आहे, मुंबई गाठा. यजमान तिथे गिरणीतच होते. मुंबईच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं: ऑपरेशन करून झडप उघडता येते, पण फुप्फुसाकडचा दाब फारच वाढला असेल तर हात लावता येत नाही. तो दाब मोजायला हाताच्या शिरेतून एक बारीक नळी काळजात घालायची, तीही मी जागी असताना. मरायचं नव्हतं मला, एवढंच कळत होतं.

सासूबाई गावाहून आल्या त्या देवाचा कौल घेऊनच. "उजवा दिला हाय गो देवानं. पण उपास कडक हवा. पाण्याचा थेंब घ्यायचा नाय." डॉक्टर फक्त सकाळचं खाऊ नका म्हणाले होते. पण सासूबाईंपुढे कुणाचं काय चालणार? आदल्या दुपारपासून मी पाण्याला शिवले नाही, आणि मलाही त्यात मोठं पुण्य वाटत होतं.

टेबलावर घेऊन कोपरापाशी जागा बधिर केली, छोटी चीर दिली. शीर मात्र दोऱ्यासारखी सुकलेली. नळी खांद्यापर्यंत गेली आणि तिथेच आवळली गेली. डॉक्टरांनी विचारलं, "बाई, पाणी कधी प्यायलात?" मी उपास सांगितला. त्यांनी लगेच दुसऱ्या हाताला सलाईन लावलं आणि आम्ही सगळे माझ्या शिरेची वाट बघत बसलो.

शीर सैल झाली तशी नळी काळजात शिरली, पण पुढे वळेना. माझा उजवा कप्पा फुगलेला, आणि परदेशातून आलेल्या त्या नळीच्या टोकाचं वळण त्याला पुरेना. डॉक्टरांनी नळी बाहेर काढली. आत तार घातली, टोक किटलीच्या वाफेवर धरलं, चिमट्याने हलकेच वाकवलं आणि गार पाण्यात बुडवलं. मग टोक निरखून परत थोडं वाकवलं. माझ्या एकटीच्या काळजाच्या मापाचं वळण ते बसल्या जागी घडवत होते. मी आ वासून बघत राहिले.

मग अंधार केला. छातीवरचा एक्स-रेचा पडदा हिरवट उजळला आणि त्यांनी माझ्यासाठी आरसा तिरका धरला. आत सावलीसारखं काहीतरी हलत होतं. "हे तुमचं," ते म्हणाले. काळ्या रेघेसारखी नळी आत आली, वळली आणि त्या सावलीबरोबर उडू लागली. जन्मभर जिथे दुखतं, भरून येतं, धस्स होतं म्हणत आले, तिथे बाहेरची वस्तू टेकली होती आणि मला काहीसुद्धा कळत नव्हतं. इतकं नवल मी देवळातही अनुभवलं नव्हतं.

डॉक्टर इंग्रजीत आकडे बोलत होते. मी त्यांचे चेहरे वाचायला बघत होते, पण अंधारात चेहरे कुठले दिसायला. शेवटी ते माझ्याकडे वळले. "दाब आहे, पण हाताबाहेर गेलेला नाही. झडप उघडता येईल."

मला रडू फुटलं. नळी काढून झाली, दिवे लागले, त्यांनी विचारलं, काही विचारायचंय का. विचारायचं खूप होतं: किती दिवस, किती धोका, मूल होईल का. पण मी म्हटलं, "एकदा परत दाखवा ना."

मग दिवे घालवून त्यांनी आरसा धरला. मघाशी मी ते भीत भीत पाहिलं होतं. आता ते जगणार होतं, म्हणून डोळे भरून पाहिलं.