करवंदाची जाळी आणि बाबांचा नकाशा

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये क्वार्टर्सच्या मागे झुडपांचं रान होतं. आई नागपूरची, आणि तिचा सगळा जीव या रानातल्या करवंदाच्या जाळीत. दर उन्हाळ्यात हात ओरबाडून घेत कच्ची करवंदं तोडायची आणि लोणचं घालून अख्ख्या ब्लॉकला वाटायची.

एकदा नोटीस लागली, की मागची रिकामी जमीन साफ करून निलगिरी लावणार. आई भडकली. "रिकामी? डोळे फुटले का यांचे?" बाबा कारखान्यात नकाशे काढायचे, टाउनशिपचा नकाशाही त्यांचाच. त्यांच्या खात्याची रीतच होती, बांधकाम नाही तिथे कागद कोरा सोडायचा. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी तो कोरा भाग बघूनच निलगिरी ठरवली होती.

आईची जाळी वाचवायचीच, असं बाबांनी मनावर घेतलं आणि चार रविवार मला राबवलं. कपडे वाळत घालायच्या दोरीने रानाचे चौकोन पाडायचे, एकेका चौकोनातली झुडपं मोजायची. ओले कपडे तोवर खुर्च्यांवर. मुरुडशेंग, धायटी, हेंकळ, बोर ही नावं आई सांगायची. तिला न येणारी कामवाल्या बाई हिंदीत सांगायच्या. काटे टोचून मला जाम वैताग यायचा, पण बाबा इतके खूश की बोलायची सोय नव्हती. यंत्राचा सुटा भाग रेखाटावा तितक्या नेमाने त्यांनी एकेक झुडूप कागदावर उतरवलं.

नवा नकाशा साहेबांसमोर ठेवून, जुन्यात रान कोरं सोडलं ही चूक आपलीच, हे ते आधी सांगून मोकळे झाले. साहेबांना हसूच आलं. अर्धं रान राखू म्हणाले, कुठलं अर्धं ते तुम्हीच ठरवा.

त्या संध्याकाळी बाबा नकाशा पसरून बसले. नाल्याच्या बाजूला इथली मूळची झुडपं दाटीने होती. करवंदाची जाळी दुसऱ्या टोकाला एकटीच, चहूकडून घाणेरीने वेढलेली. घाणेरी बाहेरून येऊन माजलेली, ती राखण्यात काय अर्थ? पण तिच्याबरोबर जाळीही जाणार होती.

आईने मेथी निवडता निवडता कागदाकडे पाहिलं. तिला नकाशे कळत नसत, पण हा कळला.

"नाल्याकडचं राखा," ती म्हणाली. "करवंदं काय, मी बाजारातून आणीन."

बाबांनी रेघ मारली. नाल्याकडचं रान अजून आहे, धायटी फुलली की लालभडक दिसतं. बाजारात दरवर्षी करवंदं यायची. आईने ती कधीच आणली नाहीत.