बाईंच्या खुर्चीत

तिला घरात सगळे दवंडी म्हणत. नाव आत्याने ठेवलेलं. दूध उतू गेलं, मामाला नोकरी लागली, शेजारच्या आजोबांची कवळी हरवली. काहीही होवो, ही पोरगी गॅलरीत उभी राहून ते गल्लीला ऐकवायची, तेही बातम्या देणाऱ्या बाईंच्या थाटात. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत एका वृत्तवाहिनीने तिला दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला बोलावलं, तेव्हा आत्या म्हणाली, "चला, गल्लीचे कान सुटले."

अर्जासोबत तिने बातम्या वाचून, रेकॉर्ड करून पाठवल्या होत्या. वीसदा वाचून एकविसावं वाचन. पगार नव्हता, पण शेवटी दहा मुलांतल्या एकाला कायम ठेवणार होते. तो एक आपण असावं, एवढंच तिचं मागणं होतं.

पहिल्याच दिवशी लाइटवाल्या काकांनी तिला थेट संध्याकाळच्या बातम्या देणाऱ्या बाईंच्या खुर्चीत बसवलं. स्टुडिओत सकाळी दुसराच कार्यक्रम होई, त्यामुळे संध्याकाळच्या बातम्यांसाठी दिवे रोज नव्याने लावावे लागत. बाई येईपर्यंत दवंडीने तिथे बसायचं आणि कॅमेऱ्याचे रंग जुळवताना एक कोरा कागद तोंडापुढे धरायचा. बाकीची मुलं फोन घेत, चहा पोचवत, आणि आपली लेक खुर्चीत! आईला आकाश ठेंगणं झालं. ती रोज दवंडीच्या शर्टाला इस्त्री करून देई. "एखाद दिवशी तूच बोल म्हणाले तर? चुरगळलेली दिसायला नको."

दवंडी ताज्या बातम्यांचे कागद मागून घेई आणि दिवे लागेस्तोवर हलक्या आवाजात वाचत बसे. माइक बंद असे. तरी काचेपलीकडे वाहिनीचे साहेब बसतात, त्यांच्या पडद्यावर आपले ओठ हलताना दिसत असतील, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

सातव्या आठवड्यात बाईंचा घसा बसला. बातम्यांना दहा मिनिटं उरली असताना साहेब धावत आत आले. दवंडी खुर्चीतच होती. दिवे तिच्यावर जुळलेले, पहिली बातमी तोंडपाठ.

"ऊठ, ऊठ," साहेब म्हणाले. "जागा मोकळी कर."

खेळाच्या बातम्या देणारा ताडमाड माणूस येऊन बसला. सगळे दिवे पुन्हा वर सरकवावे लागले. त्याच्या तोंडापुढे कागद धरायला दवंडीच उभी राहिली.

बातम्या संपल्यावर काका वायरी गुंडाळत होते. तिने विचारलं, "काका, माझं वाचन ऐकूनच मला घेतलं ना?"

काकांना खोटं बोलता येत नसे. "ते कुणी उघडलंसुद्धा नसेल गं. अर्जात उंची विचारली होती ना? तुझ्यात नि बाईंच्यात बोटभराचाही फरक नाही. मीच म्हटलं, ही मला द्या." मग हातातली वायर खाली ठेवून म्हणाले, "चुकलं का माझं?"

"नाही काका. तुमचं कसं चुकेल?"

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या दारात उभी राहिली. "सर, एकच बातमी वाचून दाखवू?"

साहेब वाईट नव्हते. "वाच की," म्हणाले. तिसऱ्या वाक्याला त्यांचा फोन वाजला. चालू दे, अशी हाताने खूण करून त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि बोलत राहिले. चालू दे म्हटलं होतं, म्हणून तिने बातमी संपेपर्यंत वाचली.

"छान," फोन ठेवून साहेब म्हणाले. "पुढच्या सुट्टीतही ये. बाई अजून तीन वर्षं आहेत आपल्याकडे. त्यांच्या मापाची मुलगी शोधायची म्हणजे डोक्याला ताप."

"आणि कायमची जागा, सर?"

"ती कालच दिली ना. फोन घेते त्या चुणचुणीत मुलीला."

घरी आई दारातच उभी होती. "काय म्हणाले साहेब?"

"पुढच्या वर्षीही ये म्हणाले."

आई हरखली. "वन्सं, ऐकलंत का? पुढच्या वर्षीही बोलावलंय. पसंत पडली म्हणायची."

"हो," दवंडी चपला काढत म्हणाली. "पडले पसंत."

आणि ती हातपाय धुवायला आत गेली.