कागदाची छापील बाजू

विभागाच्या हॉलमध्ये सरांनी छापून आलेल्या शोधनिबंधाच्या प्रती वाटल्या. चहा होता, सामोसे होते. पहिलं नाव सरांचं. दुसरं त्यांच्या भाच्याचं. तो पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. आयत्या बिळावर नागोबा. तिसरं नावच नव्हतं. मी पानं उलटत शेवटाला गेले. तिथं आभारांच्या ओळीत मी सापडले. टायपिंगच्या मदतीबद्दल आभार.

त्यातलं प्रत्येक समीकरण माझं होतं.

मी सरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. केबिनमध्ये जाऊन विचारलं. सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. हसून म्हणाले, "अगं, तुम्हाला फेलोशिप आहे, राखीव जागा आहे. आमच्या मुलांकडे नावाशिवाय आहे काय?"

मी "हो सर" म्हणाले. प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती. त्या "हो सर"ची मला आजही किळस येते.

काम असं होतं. एखाद्या प्रोग्रामच्या प्रत्येक सेटिंगला अनेक पर्याय असतात आणि त्यांच्या जुळणीनं तो हजारो तऱ्हांनी चुकू शकतो. सगळ्या तऱ्हा तपासायला जन्म पुरणार नाही. मग मोजक्या कोणत्या तपासल्या की भागतं, ते गणितानं काढता येतं. ते सूत्र मी काढलं होतं.

वडील लासूर स्टेशनच्या बाजार समितीत हमाल. इंग्रजी येत नाही, पण लेकीचं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते त्यांना पाठ होतं. त्यांनी निबंध हातात घेतला, पहिल्या पानावर बोट फिरवलं आणि विचारलं, "तुझं नाव कुठंय, माय?" मी शेवटच्या पानावरची आभारांची ओळ दाखवली. मी म्हणाले, हे बघा, इथं. ते लई खूश झाले. तो कागद घेऊन यार्डातल्या प्रत्येक हमालाला दाखवून आले. सरांनी माझं काम चोरलं, पण बापाशी खोटं मी बोलले.

पुढं त्या निबंधाला सायटेशन मिळत गेल्या. म्हणजे जगभरचे संशोधक आपल्या लेखांत त्याचा हवाला देऊ लागले. आमच्या धंद्यात हीच पत. सर त्याच्यावर विभागप्रमुख झाले. भाचा परदेशी गेला. मी शेंद्र्याकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत राहिले. पुढचं काम माझ्या नावानं पाठवलं, तर परीक्षकांनी कळवलं की हे त्या दोघांच्या निबंधातलंच आहे, तुमचं यात नवीन काय? चोर सोडून संन्याशाला फाशी. माझ्या नावापुढं सायटेशन शून्य.

यंदा एका परदेशी संशोधिकेनं सरांना ईमेल केला. तुमचं सूत्र सहा पर्यायांना लावलं की चुकतं, सिद्धता पुन्हा तपासाल का? सरांना काय तपासता येणार, कप्पाळ! त्यांनी मला फोन केला. एका अनुदानित कॉलेजात कायम जागा निघाली होती, माझा अर्ज होता आणि मुलाखतीच्या समितीत विषयतज्ज्ञ म्हणून सर होते. म्हणाले, "उत्तर तू लिहून दे. नावं आमचीच राहतील. तुझ्या जागेचं मी बघतो."

घरी येऊन मी पत्र्याची पेटी उघडली. माझं सगळं कच्चं गणित पाठकोऱ्या कागदांवर होतं. बाजार समितीचे रद्दी झालेले फॉर्म वडील आणायचे, त्यांच्या कोऱ्या बाजूला मी लिहायचे, खाली तारीख टाकायचे. सूत्राच्या पानावर जागा संपली होती. म्हणून शेवटची अट मी छापील बाजूला, 'मालाचा प्रकार' आणि 'वाहन क्रमांक' या रकान्यांच्या मधून आडवी लिहिली होती. पर्यायांची संख्या अविभाज्य असेल तरच हे सूत्र लागू. सहा अविभाज्य नाही.

निबंधात ही अट नव्हती. तेव्हा सरांनी माझे कागद झेरॉक्स करून घेतले होते, फक्त एका बाजूनं. हमालाच्या कागदाची छापील बाजू कोण बघतो? त्यावरून टायपिंग केलं होतं भाच्यानं. आणि मी? मी त्या दिवशी फक्त नावं वाचली. नंतर तो निबंध उघडायची मला इच्छाच झाली नाही.

वडील समोर बसले होते. त्यांना सगळं खरं सांगितलं. ते माझी समजूत काढतील असं वाटलं होतं. त्यांनी काढली नाही.

"समद्या यार्डात दाखवत फिरलो मी," ते म्हणाले. "तवाच सांगायचं व्हतं. मी काय मोडून पडलो असतो व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. उत्तर लिहून देणार नाही, असं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. चूक बाहेर आली तर दोघांनाही महागात पडेल, असं सर म्हणाले.

"चूक तुमच्या निबंधात आहे, सर. माझ्या कागदावर नाही."

"विचार कर. ही जागा परत निघणार नाही."

"केलाय."

तिथून निघाले ती थेट झेरॉक्सच्या दुकानात. प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन केला. सूत्र, अट, तारखा. नियतकालिकाच्या संपादकांना आणि त्या संशोधिकेला पाठवलं. खाली एकच नाव, माझं.

मुलाखतीत सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या नावावर सायटेशन किती?" त्यांना आकडा माहीत होता.

"शून्य," मी म्हणाले. "तुमच्या नावावर किती राहतील ते आता संपादक ठरवतील."

जागा दुसऱ्याला मिळाली. पुन्हा कधी निघेल माहीत नाही, आणि निघाली तरी समितीत सरांचाच कुणी बसलेला असेल. संपादकांचं उत्तर आलं आहे, चौकशी सुरू आहे म्हणून. अशा चौकश्या कशा विझवतात तेही मी पाहिलं आहे. म्हणून तो निबंध मागे घेतला जाईपर्यंत दर सोमवारी मी त्यांना पत्र लिहिणार आहे. आतापर्यंत अकरा गेली. बारावं लिहून तयार आहे.