बापाच्या तोंडी उरलेले तीन शब्द

माझ्या बापाला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्याची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सगळं नाही गेलं. तीन शब्द मागे राहिले: सटवे, हरामखोर आणि मर. पाणी हवं असलं तरी सटवे, कूस बदलायची असली तरी सटवे. तपासायला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनाही त्याने सटवेच म्हटलं. वॉर्डातली माणसं तोंड फिरवून हसली. मला हसू आलं नाही. हे तिन्ही शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून त्याच्याच तोंडून ऐकत आले होते.

तोंडावर मी त्याला अण्णा म्हणते, अहो-जाहो करते. मनात तो कायम ‘तो’च राहिला. इथेही तसाच राहू दे.

वाळूजच्या एका कारखान्यात तो लेथ मशीनवर होता आणि बजाजनगरात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. त्याच्या गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आई टीव्ही बंद करायची, भाऊ पुस्तक उघडायचा आणि मी मोरीत जाऊन उभी राहायचे. तो दारू पीत नव्हता. हे सांगितलं की ऐकणाऱ्याची पंचाईत होते, कारण मारणारा माणूस प्यालेला असला की सगळ्यांना सोपं जातं. हा पूर्ण शुद्धीत मारायचा. वरणात मीठ कमी पडलं, गंजीफ्रॉक वाळला नाही, आई शेजारी जरा जास्त वेळ बसली, काहीही पुरायचं. आणि रविवारी तोच पांढराशुभ्र शर्ट घालून बुद्धविहारात पुढे बसायचा, सगळ्यांकडून वंदना म्हणवून घ्यायचा. आवाज फार गोड होता. बायका आईला म्हणायच्या, “नशीब काढलंस बाई.” आई दंडावर पदर ओढून घ्यायची.

मार सगळ्या गल्लीला ऐकू जायचा. दार कधी कुणी वाजवलं नाही.

आई गेली त्याच वर्षी मी घर सोडलं. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी धरली, शहराच्या दुसऱ्या टोकाला गारखेड्यात खोली घेतली. लग्न केलं नाही, त्याची कारणं शोधायला फार लांब जायला नको. सणावाराला बजाजनगरला जायचे, चहा घ्यायचे, निघायचे. दर वेळी निघताना उंबऱ्यात थोडी थांबायचे. का थांबते ते मला तेव्हा कळत नव्हतं.

मग शेजारच्या काकूंचा फोन आला, की अण्णा मोरीत पडलेत, तोंड वाकडं झालंय.

दवाखान्यातून घरी न्यायची वेळ आली तेव्हा भाऊ पुण्याहून आला होता. तो म्हणाला, “मला सुट्टी नाय मिळत. तू इथंच आहेस. तुला तरी कोण आहे दुसरं?”

मला कोणी नाही, म्हणून हा माझा. हिशेब इतका सरळ होता. मी लॅबमधून बिनपगारी रजा घेतली, गारखेड्याच्या खोलीला कुलूप लावलं आणि ज्या घरातून पळाले होते त्याच घरात परत आले.

भेटायला येणारे उपदेश घेऊन यायचे. आत्या खेड्यावरून आली, बापाच्या उशाशी बसून रडली आणि डोळे पुसून माझ्याकडे वळली.

“सेवा कर पोरी. अशा कष्टातूनच माणूस घडतं. सोनं तापल्याबिगर उजळत नाय.”

“आत्या, मला लहानपणीच लई तापवलंय. अजून किती उजळू?”

“मागचं कशाला उकरती? बाप हाय तो.”

“व्हय. म्हणूनच उकरते.”

आत्याने चहा तसाच ठेवला आणि उठून गेली. मी कप मोरीत ओतला. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं नाही.

दु:ख माणसाला मोठं करतं असं म्हणणाऱ्यांनी त्या घरात थोडे दिवस राहून बघायला हवं होतं. दु:खाने मी मोठी होत नव्हते. मी बापासारखी होत होते. एकदा त्याला कुशीवर वळवताना त्याने डाव्या हाताच्या नखांनी माझं मनगट ओरबाडलं. माझ्या तोंडून शब्द आला, “हरामखोर.” शब्द त्याचा, सूर त्याचा, दात आवळायची पद्धतसुद्धा त्याचीच. तो एकदम गप्प झाला. पहिल्यांदा मला आनंद झाला, स्वच्छ, गार आनंद. त्यानंतर मी स्वयंपाकघरात जाऊन ओरबाडलेलं मनगट नळाखाली धरलं. एवढी वर्षं मी समजत होते की तो माझ्या बाहेर आहे.

वाचा-उपचार करणारी एक तरुण मुलगी आठवड्यातून एकदा घरी यायची. बापाने तिलाही सटवे म्हटलं. तिने वाईट वाटून घेतलं नाही.

“ताई, ते मुद्दाम नाही बोलत. आपण विचार करून बोलतो ती जागा दुखावली गेलीय. तोंडात बसलेल्या गोष्टी दुसरीकडे असतात. शिव्या, पाढे, प्रार्थना, गाणी. त्यांना तोंडपाठ काय येत होतं?”

मला उत्तर माहीत होतं आणि द्यायचं नव्हतं. शेवटी काकूच दारातून म्हणाल्या, “अहो, वंदना घ्यायचे की ते दर रविवारी.”

“मग ताई, तुम्ही सुरुवात करून द्या. पहिले दोन-तीन शब्द.”

मी नाही म्हणाले. ती पुढच्या आठवड्यात आली, मी परत नाही म्हणाले. तिसऱ्या वेळी तिने विचारलंच नाही, नुसती माझ्याकडे बघत बसली. तिच्यासमोर हट्टी दिसायला नको म्हणून मी रागारागाने पहिले दोन शब्द टाकले, जेवण टाकावं तसे.

तो पुढे सुरू झाला. एक अक्षर न अडखळता. तोंड वाकडं होतं, लाळ गळत होती आणि आवाज तोच, रविवारचा. काकूंनी दारातच हात जोडले. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या कानशिलात आग पेटली. पाणी म्हणता येत नव्हतं, पोटच्या मुलीचं नाव घेता येत नव्हतं, आणि हे मात्र सगळं शाबूत.

वंदना पुढे सरकून पंचशीलावर आली. पहिलं शील जिवाला इजा करणार नाही असं सांगतं. तो ते सुरात म्हणून पुढे निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला.

“थांबा अण्णा. आत्ता काय म्हणालात?”

सूर तुटला.

“अर्थ काय त्याचा? आयुष्यभर लोकांना दिलंत ना हे? आईला पट्ट्यानं मारत होता तेव्हा कुठं होतं हे?”

काकू म्हणाल्या, “अगं, आजारी माणूस आहे.” मी त्यांच्याकडे वळले. “काकू, तुमची भिंत आमच्या भिंतीला लागून आहे.” त्या आपल्या घरात निघून गेल्या.

बापाचं तोंड हलत होतं. काहीतरी वर काढायचा प्रयत्न चालला होता, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. मी वाट पाहत होते. आणि त्या क्षणी मला कळलं की मी सगळ्या सणांना उंबऱ्यात याचीच वाट पाहत थांबत होते. एक शब्द. चुकलं.

“सटवे,” तो म्हणाला. आणि रडायला लागला.

त्या मुलीने मला बाहेर नेलं आणि हळूच सांगितलं, “ताई, झटक्यानंतर रडू सहज येतं. त्याचा अर्थ लावू नका. पश्चात्ताप असेलही, नसेलही. आपल्याला कळायला मार्ग नाही.”

तिचं ते बोलणं मला सगळ्या उपदेशांपेक्षा उपयोगी पडलं. मला हवा होता तो शब्द त्याच्याकडे कधी होता की नाही कोण जाणे, आता तो द्यायची सोयच उरली नव्हती. ज्या दुकानापुढे मी इतकी वर्षं उभी होते ते कायमचं बंद झालं होतं. मी माफ केलं नाही. अजूनही केलेलं नाही. फक्त उभं राहणं सोडलं.

त्याच संध्याकाळी मी भावाला फोन केला. “महिन्यातला एक आठवडा तू येशील. बाकीच्या दिवसांना दवाखान्यातले एक वॉर्डबॉय मामा ठेवतेय, अण्णांच्या फंडाच्या पैशातून. मी रविवारी येत जाईन.”

“तू दगड झालीस,” तो म्हणाला.

“नाय. दगड झाले असते तर इथंच पडून राहिले असते.”

आत्याने नातेवाइकांत सांगितलं की पोरीने बापाला वाऱ्यावर सोडलं. भाऊ कुरकुरत येऊ लागला. मामा घरी आले, अंघोळ घालायच्या आधी निवांत तंबाखू मळत म्हणाले, “द्या हो काका शिव्या, लई ऐकल्यात.” बाप त्यांच्या हातून मुकाट जेवायला लागला. मी गारखेड्याला परतले.

माझ्या खोलीच्या समोर एक जोडपं भाड्याने राहतं. नवरा कुठल्याशा शोरूमला आहे, बायको बोलत नाही कुणाशी. परत आल्यावर एका संध्याकाळी त्यांच्याकडून भांडं आदळल्याचा आवाज आला, मग त्याचा आवाज, मग दबलेलं रडणं. जिन्यातली इतर दारं बंदच राहिली. मी वाटी उचलली आणि दार वाजवलं.

त्याने दार अर्धं उघडलं. “काय पायजे?”

“साखर.”

“नंतर या.”

“नाही, आत्ताच हवी. मी थांबते.”

मी थांबले. तो दार लावू शकत नव्हता, कारण माझा पाय उंबऱ्यात होता. त्याच्या डोळ्यांत राग होता आणि माझ्या डोळ्यांतही असणार. शेवटी तिनेच आतून साखर आणून दिली. तिचा गाल लाल झाला होता.

“संपली की परत येईन,” मी त्याला म्हटलं. “माझी लवकर संपते.”

आता तो जिन्यात भेटला की तोंड फिरवतो. घरमालकाकडे माझी तक्रारही झाली आहे, की बाई भोचक आहे. असू दे. परवा ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. आजूबाजूला कोणी नाही बघून तिने विचारलं, “ताई, तुमच्या लॅबमध्ये कामाला माणूस लागतं का?” मी म्हटलं, चौकशी करते. दुसऱ्या दिवशी मी चौकशी केली.