परत गेलेली वर्गणी

पिंगळीच्या स्टेशनावर पॅसेंजर जेमतेम थांबते न थांबते. तेवढ्यात माझी मोठी बॅग, ज्वारीच्या पिठाची पिशवी, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि मी, असं सगळं आत चढवायचं होतं. सोडायला निम्मी गल्ली आलेली. माय रडायची थांबत नव्हती आणि काका तिला दटावत होते, पण त्यांचाही आवाज ठिकाणावर नव्हता. बाबा खिडकीपाशी आले. शाळेत कारकुनी करण्यात आयुष्य गेलेला, मोजकं बोलणारा माणूस. "दुसऱ्याच्या कामाला चाललीस, बाई. तिथं पाहुण्यावानी बसून राहू नको," एवढंच म्हणाले. परभणीला उतरून मुंबईची गाडी धरायची होती, मुंबईहून विमान, आणि त्यापुढे आफ्रिकेतला मलावी नावाचा देश. आमच्या गल्लीत कुणी तो नकाशावरही पाहिलेला नव्हता. मीही अर्ज भरल्यावरच पाहिला होता.

एका आरोग्य संस्थेत स्वयंसेवक म्हणून फोटो काढायला मी गेले. दोन वर्षांची बोली होती. ती संपली आणि मी राहूनच गेले. आता लिलाँग्वे शहरात माझा लहानसा स्टुडिओ आहे. पासपोर्टचे आणि लग्नांचे फोटो काढते, बाजारात चिचेवा भाषेत घासाघीस करते, आणि मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा आमटीत बुडवून खाते. मायला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "भाकर सोडून घाटा खायलीस व्हय?" तिच्या लेखी माझ्या परदेशाची किंमत तिथंच ठरली.

काकांना 'स्वयंसेवक' ही भानगड नीट कळली नव्हती. "म्हंजी जयंतीच्या पंगतीत बिल्ला लावून वाढतेत, ते का?" असं त्यांनी फोनवर विचारलं. मी हसले. पण नंतर वाटलं, तेच की. दुसऱ्यांच्या पंगतीत वाढायचं आणि आपण मागून जेवायचं. देशोदेशींहून आलेली अशी माणसं माझ्या आजूबाजूला होती, आणि त्यांचे फोटो मी स्वतःच्या हौसेनं काढत गेले. फिलिपाइन्सची एक सुईण होती. आयर्लंडहून आलेला एक म्हातारा वायरमन होता, जो खेड्यांतल्या दवाखान्यांत दिवे लावून द्यायचा. दर रविवारी तो एका टेकाडावर चढून लेकीला फोन करायचा, कारण मोबाइलला रेंज तिथंच मिळायची. मी त्याचा पाठमोरा फोटो काढला. पुढच्या पावसाळ्यात तो तापानं गेला. त्याच्या लेकीनं मला लिहिलं, तुमच्याकडे वडिलांचे फोटो असतील तर पाठवा, ते तिथं नेमकं काय करत होते हे आम्हाला कधी कळलंच नाही. तो निरोप वाचून मी पुष्कळ रडले. माझ्या घरी तरी कुणाला काय ठाऊक होतं?

म्हणून पुस्तक करायचं ठरवलं. फोटोंचं पुस्तक छापणं म्हणजे खर्चाचं काम. लोकांकडून ऑनलाइन पैसे उभे करून देणारी एक वेबसाइट होती, तिथं मी मोहीम टाकली. बाबांना सोपं करून सांगितलं, "वर्गणी समजा." झालं! बाबा आणि काकांची मुलगी प्रज्ञा गल्लीतल्या घराघरात जाऊन बसले. प्रज्ञा मोबाइलवर पैसे कसे पाठवायचे ते दाखवायची आणि बाबा माझे फोटो दाखवायचे. आयुष्यात कुणाकडं काही न मागितलेले माझे बाबा! जयंतीला देतात तसं लोकांनी मनापासून दिलं.

त्या वेबसाइटचा एक नियम होता. ठरलेली रक्कम मुदतीत जमली नाही, तर सगळ्यांचे पैसे आपोआप परत जातात. रक्कम जमली नाही. मला वाईट वाटलं, पण मनात म्हटलं, निदान कुणाचं नुकसान तरी झालं नाही. एका सकाळी पिंगळीतल्या मोबाइलवर एकामागून एक मेसेज वाजले. पैसे परत.

आमच्याकडं आहेर परत करणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगून कळणार नाही. दिलेलं लुगडं किंवा टॉवेल-टोपी कुणी दारातून परत पाठवली, की ते नातं तुटलं. मग सुखदुःखाला जाणं बंद, बोलणं बंद. काकांचा फोन आला. "आमचं कमी पडलं व्हय? परत धाडायलीस?" मी नियम सांगू लागले. "मशीनचं मला सांगू नको. आमी मशीनला दिलते का?" आणि फोन ठेवला. बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. पण ज्या घरांत ते जाऊन बसले होते, त्या घरांवरून जाताना खाली मान घालून जातात, असं मायनं सांगितलं. पुस्तकाचं दुःख तेव्हा मागं पडलं. बाबांची ताठ मान आणि गल्लीतली माझी जागा, दोन्ही माझ्यामुळं गेल्या असं वाटू लागलं.

प्रज्ञाचं लग्न ठरलं तेव्हा मी गावी आले. सगळ्यांनी जयभीम घातला, चहा दिला. "कवा आलीस? कवा जानार?" विचारलं. आणि बसायला खुर्ची दिली. माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांना कळेल, त्या खुर्चीनं किती लागलं ते. घरच्या पोरी चुलीपाशी जातात, खुर्ची पाहुण्याला देतात.

मंडपात मंगल परिणय झाल्यावर आहेर सुरू झाले. काका माइकवर नाव आणि गाव पुकारत होते. पाथरीच्या आत्या, वालूरचे मामा, नवऱ्याकडचे झाडून सगळे. स्वतःच्या नावानं आहेर मी पहिल्यांदाच केला होता. साडी आणि पाकीट, वर ठळक अक्षरात नाव. मी कान देऊन उभी होते. नावं संपली, माइक बंद झाला. माझं नाव आलंच नाही.

मंडपामागं पाण्याच्या टाकीशी जाऊन मी रडत उभी राहिले. मी त्यांचं परत केलं, आता त्यांनी माझं मोजलंच नाही, फिटंफाट. काका हात धुवायला आले आणि मला पाहून थबकले. मी विचारलंच, "माझं नाव का नाही घेतलं?"

"येडी हायस का गं?" ते म्हणाले. "घरच्याची नावं कुठं पुकारतेत? पाहुण्याची पुकारतेत. तुझं पुकारलं असतं तर तुझ्या बापानं माईक हिसकून घेतला असता."

"तुम्ही तर माझ्यावर रागावलात."

"रागावलोच हाय. लय रागावलोय. पाहुण्यावर कोण रागावतंय?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातात पाण्याचा जग दिला आणि पंगतीत वाढायला पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतली माणसं एकेक करून आमच्या अंगणात आली. त्यांनी आपापली वर्गणी पुन्हा दिली, या खेपेला माझ्या हातात. मी दोन्ही हातांनी घेतली, पाया पडले, नियमाबद्दल अक्षर काढलं नाही. बाबा दारात बसून सगळ्यांना चहा द्यायला सांगत होते, आणि कधी नव्हे ते मोठ्या आवाजात बोलत होते. काकांनी त्या वायरमनचा फोटो बराच वेळ हातात धरला. "ह्याच्या लेकीला पुस्तक धाड बरं का," म्हणाले.

पुढं मोहीम पुन्हा टाकली, पानं कमी केली, आणि पुस्तक निघालं. अशा पुस्तकात शेवटी आभाराचं पान असतं. मी त्यात डब्लिन, मनिला, पुणे, लिलाँग्वे इथल्या मदत करणाऱ्या सगळ्यांची नावं गावासकट घातली. पिंगळीचं एकही नाव घातलं नाही. छापायला दिल्यापासून मात्र जीव टांगणीला लागला होता. बरोबर केलं, की पुन्हा सगळ्यांना दुखावलं? राहायला मी लिलाँग्वेतच आहे, म्हातारपणही बहुधा तिथंच जाईल. पण ज्यांना 'माझं काय चुकलं' असं विचारायची मला भीती वाटते, अशी माणसं फक्त पिंगळीत आहेत.

पुस्तक घरी पोचलं त्या दिवशी मायनं व्हिडिओ कॉल लावला. काकांनी चष्मा चढवून शेवटचं पान उघडलं. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत सगळी नावं वाचली. मग पुस्तक मिटून बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "बराबर हाय."